प्रकाशावर काम करणारा भिंतीचा रंग: घरातली हवा खरंच सुधारायची असेल तर काय बघायचं, कसा लावायचा आणि चालतोय का ते कसं तपासायचं

रंगाच्या डब्यावर ‘हवा शुद्ध करतो’ असं लिहिलेलं असेल तर त्यात बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइडचा फोटोकॅटॅलिस्ट असतो, म्हणजे प्रकाश पडला की स्वतः न संपता आजूबाजूच्या वायूंची मोडतोड करणारा पदार्थ. यामागचं विज्ञान अगदी पक्कं आहे, त्यात काही खोट नाही. पण प्रयोगशाळेतल्या डबीत जे होतं ते तुमच्या बेडरूममध्ये व्हायला प्रकाश योग्य लागतो, रंगाचा बाइंडर, म्हणजे रंगाचे कण एकमेकांना आणि भिंतीला धरून ठेवणारा पदार्थ, योग्य लागतो, हवा भिंतीपर्यंत पोचावी लागते आणि भिंत स्वच्छ राहावी लागते, यातलं एक जरी चुकलं तरी तुम्ही महागडा पांढरा रंग लावला एवढंच होतं, आणि कधीकधी तर हवा आधीपेक्षा खराब होते. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय. रंग कसा लावायचा ते येईलच, पण त्याच्या आधीच्या पायऱ्या जास्त महत्त्वाच्या आहेत, त्या गाळू नका.

आधी हे काम कसं करतं ते समजून घ्या

टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज नावाच्या स्फटिकावर पुरेशा ताकदीचा प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन उडी मारून वर जातो आणि मागे रिकामी जागा राहते. ही रिकामी जागा पृष्ठभागावरच्या पाण्याच्या रेणूंपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करते, आणि सुटलेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटून सुपरऑक्साइड बनवतो. हे दोघंही प्रचंड आक्रमक असतात, जवळ आलेला सेंद्रिय रेणू फोडत फोडत शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत नेतात, आणि नायट्रोजन ऑक्साइड असतील तर त्यांचं नायट्रेट करतात. जपानमध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड वापरून प्रकाशाने पाण्याचं विघटन होतं हे दाखवलं, त्यांचा तो निबंध १९७२ सालचा, आणि आज बाजारात दिसणारे असे सगळे रंग तिथूनच आलेत.

आता ‘पुरेशा ताकदीचा प्रकाश’ म्हणजे काय, तर ॲनाटेजला ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं एकक) लागतात, म्हणजे साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबी, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट. डोळ्यांना दिसणारा प्रकाश ४०० च्या आसपास सुरू होतो. घरातल्या पांढऱ्या एलईडी दिव्यात निळा रंग ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि अल्ट्राव्हायोलेट जवळजवळ नसतोच. त्यामुळे खोली लख्ख उजळलेली दिसली तरी साध्या ॲनाटेजच्या दृष्टीने ती अंधारीच असते. ही एक गोष्ट नीट डोक्यात बसली की पुढचे निम्मे निर्णय आपोआप सोपे होतात.

हा रंग काय करू शकत नाही

हे थोडक्यात पण ठामपणे सांगतो. धूळ आणि पीएम २.५ चे कण यावर याचा उपयोग नाही, ते कण भिंतीवर बसले तर उलट रंगच झाकला जातो. कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही, उलट प्रक्रियेतून थोडासा तयारच होतो. रेडॉन, म्हणजे जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, त्यावर काही होत नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी तर या रंगावर चुकूनही विसंबू नका, घरात जळणारं कुठलंही उपकरण असेल तर त्याचा धूर बाहेर जायची सोय आणि अलार्म हेच उपाय. ओल असलेल्या भिंतीवरची बुरशीही याने जात नाही, कारण बुरशी येते ती कोपऱ्यात, कपाटामागे, म्हणजे नेमका जिथे प्रकाश नाही तिथे.

मग उरतं काय? फॉर्मल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड, टोल्युइन यांसारखे वायू, काही वास, आणि नायट्रोजन ऑक्साइड. नवीन फर्निचरचा, प्लायवूडचा, रंगाचा, साफसफाईच्या द्रावणांचा जो त्रास असतो तो या यादीत येतो.

पायरी १: तुमचा प्रॉब्लेम नक्की कोणता ते मोजा

रंग घ्यायच्या आधी निदान दोन आठवडे मोजमाप करा. कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या, इन्फ्रारेड तत्त्वावर चालणारा, कारण स्वस्त मीटरमध्ये बऱ्याचदा खरा सेन्सर नसतोच, दुसऱ्याच वायूवरून अंदाज करून आकडा दाखवतात. बाहेरच्या हवेत हा आकडा ४२० ते ४३० पीपीएमच्या आसपास असतो. रात्री खोली बंद करून झोपलात आणि सकाळी तो २००० च्या पुढे गेलेला दिसला तर तुमचा पहिला प्रॉब्लेम हवा खेळती नसणं हा आहे, आणि त्यावर रंग हे उत्तर नाही.

पीएम २.५ चा मीटरही ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा वर्षाच्या सरासरीला ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि २४ तासांच्या सरासरीला १५ अशी आहे. तो आकडा वाढलेला असेल तर हेपा, म्हणजे बारीक कण अडवणारा, फिल्टर घ्या, पैसे तिकडे घाला.

टीव्हीओसी, म्हणजे हवेतल्या सगळ्या उडणाऱ्या सेंद्रिय वायूंची बेरीज, दाखवणारे छोटे मीटर असतात, त्यांचा आकडा ‘खरा’ समजू नका, त्यातला मेटल ऑक्साइडचा सेन्सर अल्कोहोलला, अत्तराला, स्वयंपाकाच्या वाफेला, सगळ्यालाच हलतो. पण आज काल काय होतं आणि खिडकी उघडल्यावर काय झालं हे बघायला तो बरा. फॉर्मल्डिहाइडची शंका असेल तर पॅसिव्ह सॅम्पलर मिळतात, ते ठरावीक काळ खोलीत टांगून लॅबला पाठवायचे. फॉर्मल्डिहाइडची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ०.१ मिलिग्रॅम प्रति घनमीटर, तीही ३० मिनिटांच्या सरासरीला. हा रिपोर्ट जपून ठेवा, रंग लावल्यावर परत हाच तपास करायचाय.

पायरी २: वायू जिथून येतोय तिथे हात घाला

कच्च्या कडा असलेलं पार्टिकल बोर्डचं कपाट असेल तर त्या कडा सील करा, एजबँड लावा, कारण फॉर्मल्डिहाइड सगळ्यात जास्त कापलेल्या कडांमधून आणि न लॅमिनेट केलेल्या मागच्या बाजूने येतो. उघडी थिनरची बाटली, अर्धा वापरलेला रंगाचा डबा, रूम फ्रेशनर हे खोलीतून बाहेर काढा. रूम फ्रेशनरबद्दल वेगळं सांगावंसं वाटतं कारण त्यातली लिमोनीनसारखी टर्पिन द्रव्यं फोटोकॅटॅलिस्टवर अर्धवट फुटली तर त्यातून फॉर्मल्डिहाइडच तयार होतं. म्हणजे हवा शुद्ध करणारा रंग आणि सुगंधी स्प्रे हे दोन्ही एकाच खोलीत ठेवू नयेत.

आता एक हिशोब करू, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. समजा खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २.७ मीटर उंच आहे, म्हणजे ३२.४ घनमीटर हवा. खिडकीजवळची नीट उजेड मिळणारी भिंत धरा ८ चौरस मीटर. खोलीतली हवा जवळपास स्थिर असते, वायूचे रेणू भिंतीपर्यंत स्वतःहून हळूहळू पोचतात, त्यामुळे अगदी उदारपणे धरलं तरी एक चौरस मीटर भिंत तासाला साधारण १ घनमीटर हवा साफ करेल असं समजू. म्हणजे ८ घनमीटर, म्हणजे तासाला खोलीतली पाव हवा, तेही उजेड असेपर्यंतच. याउलट ताशी २०० घनमीटरचा साधा एअर प्युरिफायर तीच खोली तासाला सहा वेळा फिरवतो, आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर हवा त्याहून पटकन बदलते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हा रंग म्हणजे वरची जोड आहे, खिडकीची, एक्झॉस्ट फॅनची, कार्बन फिल्टरची जागा तो घेऊ शकत नाही. मात्र सतत थोडा थोडा येणारा वायू असेल, दिवसभर भरपूर उजेड येणारी खोली असेल आणि आवाज न करणारं, वीज न खाणारं काहीतरी हवं असेल, तिथे ही पाव हवासुद्धा कामाची आहे.

मोठ्या प्रमाणावरचा अनुभवही हेच सांगतो. ब्रसेल्समधल्या लिओपोल्ड दुसरा बोगद्यात भिंतींना आणि छताला असा थर देऊन, अल्ट्राव्हायोलेट दिवे लावून मोजमाप केलं गेलं, आणि नायट्रोजन ऑक्साइडमध्ये ठळक अशी घट दिसली नाही. वाहता वारा, दमटपणा, भिंतीवर बसलेली काजळी आणि कमी पडलेला प्रकाश, सगळं एकदम आडवं आलं. तुमच्या खोलीतली हवा बोगद्यासारखी वाऱ्याने लगेच वाहून जात नाही हे चांगलं, पण प्रकाशही कमीच आहे.

पायरी ३: भिंतीवर अल्ट्राव्हायोलेट पोचतोय का ते तपासा

कडक उन्हात उघड्यावर यूव्ही-ए, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटचा दिसणाऱ्या प्रकाशाला लागून असलेला भाग, साधारण ४० ते ५० वॅट प्रति चौरस मीटर असतो. साध्या काचेतून त्याहून आखूड तरंगलांबीचा यूव्ही-बी जवळपास अडतो पण यूव्ही-ए चा बराच भाग आत येतो. काच लॅमिनेटेड असेल, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली, किंवा तिच्यावर ऊन अडवणारी फिल्म लावलेली असेल, तर जवळपास सगळाच यूव्ही-ए तिथेच संपतो. आणि खिडकीपासून आत सरकत गेलं की तो झपाट्याने कमी होतो, डोळ्यांना उजेड तेवढाच वाटतो तरीही.

मोजायला ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही-ए मीटर मिळाला तर उत्तम. नसेल तर रंग बदलणारे यूव्ही मणी मिळतात, सावलीत पांढरे असतात आणि अल्ट्राव्हायोलेट लागला की जांभळे, गुलाबी होतात. ते कागदावर चिकटवा आणि त्या पट्ट्या भिंतीवर वेगवेगळ्या जागी लावा, खिडकीच्या कडेला एक, मधोमध एक, समोरच्या भिंतीवर एक, छताला एक. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी बघा. जिथे मणी दिवसभरात कधीच रंगत नाहीत तिथे साधा ॲनाटेजचा रंग लावून काही उपयोग नाही. बहुतेक घरांत असं दिसतं की खिडकीला लागून असलेल्या बाजूच्या भिंतीचा दीड-दोन मीटरचा पट्टा आणि खिडकीच्या चौकटीच्या आतल्या कडा एवढंच खरं कामाचं क्षेत्र असतं.

मग उरलेल्या भिंतींचं काय? दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारे प्रकार आहेत. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन किंवा कार्बन मिसळून त्याला निळ्या-जांभळ्या प्रकाशापर्यंत आणतात, नायट्रोजनवाल्याचं महत्त्वाचं काम २००१ मध्ये जपानमध्येच झालं. दुसरा प्रकार टंगस्टन ऑक्साइडचा, त्याला सुमारे ४५० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश चालतो, त्यात तांबं किंवा प्लॅटिनम थोडंसं घालतात, आणि त्याचा रंग मुळातच पिवळसर असतो. घरात एलईडीच असेल तर या दोनपैकीच काहीतरी घ्या, पण वेग कमी असणार हे धरून चाला.

एक कळकळीची विनंती, रंग ‘चालू’ करायला म्हणून राहत्या खोलीत यूव्ही दिवे लावू नका. यूव्ही-सी, म्हणजे त्याहूनही आखूड तरंगलांबीचा, दिवा तर अजिबात नको, डोळे आणि त्वचा भाजते, आणि काही दिव्यांतून ओझोन निघतो. यूव्ही-ए चे दिवेही डोळ्यांसमोर दिवसभर असणं बरं नाही.

पायरी ४: डबा निवडताना काय विचारायचं

सगळ्यात मोठी फसगत इथे होते. टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ प्रत्येक पांढऱ्या रंगात असतो, तोच तर पांढरेपणा देतो. पण तो असतो रूटाइल या दुसऱ्या स्फटिक प्रकारचा आणि त्याच्या कणांवर सिलिका-ॲल्युमिनाचं आवरण मुद्दाम दिलेलं असतं, का, तर त्याने प्रकाशात रंगाचा बाइंडर खाऊ नये म्हणून. त्यामुळे ‘यात टायटॅनियम डायऑक्साइड आहे’ हे वाक्य काहीच सिद्ध करत नाही. विचारायचं ते हे की ॲनाटेज आहे का, फोटोकॅटॅलिटिक ग्रेड आहे का आणि बाइंडर कुठला आहे.

बाइंडरचा प्रश्न तर सगळ्यात महत्त्वाचा. साध्या ॲक्रिलिक इमल्शनमध्ये फोटोकॅटॅलिस्ट मिसळला तर तो बाहेरच्या वायूआधी स्वतःच्याच बाइंडरला खातो, कारण तोच त्याला सगळ्यात जवळचा सेंद्रिय पदार्थ. दोन गोष्टी होतात: भिंतीची पांढरी भुकटी हाताला लागायला लागते, आणि त्या मोडतोडीतून फॉर्मल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड हवेत येतात. घरातल्या भिंतींच्या फोटोकॅटॅलिटिक रंगांवर झालेल्या चाचण्यांमध्ये हे स्पष्ट दिसलेलं आहे. म्हणून खनिज बाइंडर बघा: पोटॅशियम सिलिकेट, चुना, किंवा सिलिका सोल (पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण). सेंद्रिय भाग जितका कमी तितकं चांगलं.

टेस्ट रिपोर्ट मागा, आणि रिपोर्टमध्ये स्टँडर्डचा नंबर वाचा. आयएसओ २२१९७ ही मालिका अल्ट्राव्हायोलेटखाली केलेल्या चाचणीची आहे, भाग १ नायट्रिक ऑक्साइडसाठी, २ ॲसिटाल्डिहाइड, ३ टोल्युइन, ४ फॉर्मल्डिहाइड. आयएसओ १७१६८ ही घरातल्या दिव्यांच्या प्रकाशाखाली केलेल्या चाचणीची. तुमची खोली एलईडीवर असेल आणि हातात रिपोर्ट २२१९७ चा दिला जात असेल तर तो तुमच्या कामाचा नाही, कितीही सुंदर आकडे असोत. आणि २२१९७-१ मध्ये नेमकं करतात काय तेही बघा: ५ बाय १० सेंटिमीटरचा तुकडा, त्यावरून अगदी पातळ फटीतून हवा सरकवतात, त्यात १ पीपीएम नायट्रिक ऑक्साइड, वर १० वॅट प्रति चौरस मीटर अल्ट्राव्हायोलेट. त्यामुळे त्यात ‘अमुक टक्के कमी झालं’ असा आकडा आला तरी तो तुमच्या खोलीचा आकडा होत नाही. दोन रंगांची तुलना करायला मात्र तो फार उपयोगी. रिपोर्टमध्ये बायप्रॉडक्ट मोजलेत का हे जरूर विचारा, जो उत्पादक हा प्रश्न टाळतो त्याचा रंग मी तरी घेणार नाही.

पायरी ५: आधी नमुन्याचा बोर्ड रंगवा

ही पायरी सगळे गाळतात आणि खरी मजबूत माहिती इथेच मिळते. वहीच्या पानाएवढे सिमेंट शीटचे तीन तुकडे घ्या. दोघांवर हाच रंग, तिसऱ्यावर साधा पांढरा रंग. दोन हात मारा, आठवडाभर वाळू द्या. मग दोन-तीन दिवस खिडकीत उन्हात ठेवा.

आता मिथिलिन ब्ल्यू या निळ्या रंगद्रव्याचं अगदी फिकट द्रावण करा, पाण्याला जेमतेम आकाशी छटा येईल इतपतच. प्रत्येक तुकड्यावर ड्रॉपरने सारखे थेंब टाका आणि वाळू द्या. एक रंगवलेला तुकडा आणि साधा तुकडा खिडकीत ठेवा, दुसरा रंगवलेला तुकडा ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून बाजूलाच ठेवा. दर काही तासांनी तिन्हीचे फोटो काढा, एकाच जागेवरून आणि एकाच उजेडात. रंग खरंच काम करत असेल तर खिडकीतल्या रंगवलेल्या तुकड्यावरचा निळा डाग कडेने फिकट होत होत पुसट होतो, साध्या तुकड्यावरचा हळू उतरतो, आणि फॉइलमधला तसाच राहतो. साधा तुकडा ठेवायचाच, कारण मिथिलिन ब्ल्यू नुसत्या उन्हानेही थोडा उडतो, तुलनेशिवाय त्या फिकट होण्याला काही अर्थ नाही. मग हीच चाचणी परत खोलीत करा, पण ज्या भिंतीवर रंग लावायचाय तिथे तुकडे टांगून. खिडकीत डाग गेला आणि भिंतीवर आठवडाभर ढिम्म हलला नाही, तर त्या भिंतीवर हा रंग लावू नका. प्रयोगशाळांमध्ये असंच काम रेझाझुरिन शाईने करतात, ती निळ्याची गुलाबी होते, त्याचं आयएसओ २१०६६ असं स्टँडर्डही आहे, आणि ती शाई मिळाली तर निकाल तासांऐवजी मिनिटांत दिसतो.

त्याच तुकड्यावर काळं सुती फडकं घासून बघा. पांढरं लागलं तर बाइंडर कमजोर आहे.

पायरी ६: भिंतीची तयारी

ओल असेल तर आधी ओल बंद करा, पाइपची गळती असो की बाहेरून झिरपणारं पाणी असो, त्याशिवाय पुढे जाऊ नका. नवीन प्लास्टर असेल तर २८ दिवस तरी पिकू द्या. पोपडे खरवडा, भेगा भरा, पॉलिश पेपरने घासा, ओल्या फडक्याने धूळ पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

सिलिकेट रंग प्लास्टरशी रासायनिक बंध करतो, त्यामुळे त्याला खनिज पृष्ठभागच आवडतो. भिंतीवर आधीचा इमल्शन किंवा ऑइल पेंट असेल तर सिलिकेट त्यावर धरत नाही, आणि फोटोकॅटॅलिस्ट खालच्या जुन्या रंगाला खाऊन वरचा थर सुटा पाडतो. अशा वेळी एकतर जुना रंग काढा किंवा उत्पादकाने सांगितलेला मधला खनिज प्रायमर, म्हणजे अडसराचा थर, द्याच. पारदर्शक स्प्रे कोटिंग थेट जुन्या रंगावर मारतात, त्यात हा मधला थर नसेल तर काही महिन्यांत रंग भुकटी होऊन सुटायला लागतो.

खिडकीच्या काचा, ॲल्युमिनियमची चौकट, टाइल्स हे सगळं प्लास्टिकने नीट झाका. हे सौंदर्यासाठी सांगत नाहीये, सिलिकेट रंगाचा शिंतोडा काचेवर वाळला तर काच कोरली जाते आणि तो डाग कायमचा राहतो. उडालाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पायरी ७: लावणं

सिलिकेट आणि चुन्याचे रंग तीव्र अल्कली असतात, गॉगल आणि हातमोजे हवेतच, डोळ्यात गेलं तर पाण्याने बराच वेळ धुवून डॉक्टरकडे जा. डबा तळापासून ढवळा, कारण फोटोकॅटॅलिस्ट खाली बसतो आणि वरचं पातळ आधी वापरलं तर पहिल्या भिंतीत काहीच नसतं. मनाने पाणी घालू नका. पेंटरला हे आधीच सांगा, कारण इमल्शनची सवय असलेला हात आपसूक पाणी मिसळतो.

घरात शक्यतो रोलर आणि ब्रशच वापरा. स्प्रेने बारीक कण हवेत उडतात, आणि श्वासावाटे जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता’ या २-बी गटात टाकलंय. वाळून भिंतीत बसलेल्या रंगाचा हा प्रश्न नाही, उडणाऱ्या कणांचा आहे. स्प्रे करावाच लागला तर पी-३, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरचा मास्क, आणि घरातली बाकी माणसं बाहेर.

पातळ दोन हात मारा, जाड एक नको. मधे डब्यावर सांगितलेला वेळ सोडा, सिलिकेटला बऱ्याचदा १२ तास तरी लागतात. एक भिंत एका दमात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, नाहीतर जोड दिसतो. आणि सगळी खोली रंगवायची गरज नाही, मण्यांनी दाखवलेला भाग आणि छताची खिडकीजवळची बाजू एवढंच करा. कपाटामागे हा रंग लावणं म्हणजे शुद्ध वाया.

पायरी ८: पहिले काही आठवडे

रंग वाळल्यावर लगेच त्या खोलीत झोपायला जाऊ नका. पहिल्यांदा उजेड पडायला लागला की थरातला उरलासुरला सेंद्रिय भाग जळतो आणि तेव्हाच फॉर्मल्डिहाइडसारखे वायू जास्त निघायची शक्यता असते. त्यामुळे पडदे सताड उघडे, खिडक्याही उघड्या, असं दोन ते चार आठवडे. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा दम्याचं कुणी असेल तर त्यांच्या खोलीपासून सुरुवात करू नका. आधी दुसऱ्या खोलीत लावा, फॉर्मल्डिहाइडचा सॅम्पलर परत लावा आणि पहिल्या रिपोर्टशी ताडून बघा. दोन्ही वेळा खिडक्यांची स्थिती सारखी ठेवा, ऋतूही शक्यतो सारखा, कारण गरमी आणि दमटपणा वाढला की लाकडी बोर्डातून फॉर्मल्डिहाइड जास्त येतं आणि दोष उगाच रंगावर जातो. आकडा वाढलेला दिसला आणि महिन्याभरातही खाली आला नाही तर तो रंग काढायचा, मन मोठं करून ठेवून द्यायचा नाही.

भिंतीजवळ हवा हलती ठेवली तर परिणाम वाढतो, कारण अडचण बऱ्याचदा रेणू भिंतीपर्यंत पोचण्याचीच असते. छोटा फॅन भिंतीला समांतर हवा सोडेल असा ठेवा. सोफा, कपाट, फोटोफ्रेम यांनी ती भिंत झाकू नका.

पायरी ९: निगा

कॅटॅलिस्ट संपत नाही हे खरं, पण तो झाकला जातो. धूळ आणि तेलकट थर बसतो, तो दर महिन्याला मायक्रोफायबरच्या किंचित ओल्या फडक्याने पुसा, साबण नको, साबणाचा थर राहतो. नायट्रोजन ऑक्साइड पकडले की पृष्ठभागावर नायट्रेट साठतं. बाहेरच्या भिंतीवरून ते पावसाने धुतलं जातं, घरातल्या भिंतीवरून तुम्हालाच पुसायला लागतं. आणि सिलिकॉनपासून जपा: केसांच्या सिरममधली, काही स्प्रेमधली सिलोक्सेन द्रव्यं कॅटॅलिस्टवर फुटून सिलिकाचा थर बनवतात, तो पुसून निघत नाही आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. ड्रेसिंग टेबलाच्या आसपासची भिंत म्हणूनच या कामाला वाईट. खोलीत सिलिकॉन सीलंट भरायचं असेल तर ते रंगाच्या आधी भरून पूर्ण वाळवून घ्या.

नमुन्याचा एक रंगवलेला तुकडा त्याच भिंतीवर टांगून ठेवा आणि सहा महिन्यांनी त्याच्यावर परत मिथिलिन ब्ल्यूचा थेंब टाका. आधीच्या फोटोंशी वेळ ताडून बघा. डाग जायला आता खूपच जास्त वेळ लागत असेल तर तुकडा पाण्याने पुसून, उन्हात दोन दिवस ठेवून परत तपासा. त्याने सुधारला तर भिंतीलाही तेच करा. नाही सुधारला तर थर मेला, परत एक पातळ हात मारायची वेळ आली.

पुढे कधी भिंत नेहमीच्या रंगाने रंगवायची ठरली तर पेंटरला खाली काय आहे ते सांगा. त्यावर साधं इमल्शन मारलं की प्रकाश आत जात नाही आणि कॅटॅलिस्ट बंद पडतो, आणि भुकटी सुटत असेल तर नवीन रंगही तिच्यासकट उखडतो. आधी ओला पॉलिश पेपर मारायचा, कोरडा नाही, धुळीचे बारीक कण अडवणारा एफएफपी-२ मास्क लावायचा, निघालेला गाळ ओल्या फडक्याने गोळा करायचा आणि मग सीलर प्रायमरचा हात.